फुलांची नावं आणि माझी (आगाऊ) मतं

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात फरक फक्त एका अनुस्वाराचा. आज मी दोन्ही करणार आहे. शनिवारची सकाळ आहे, कांदेपोहे पोटात गेलेत, ऑन-कॉल दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. मतं मांडायला याहून चांगला मुहूर्त नाही!

विषय आहे फुलांवरून ठेवलेली माणसांची नावं. ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी मुद्दा आधीच सांगून टाकतो. आपण फुलांची नावं भराभर टाकून देतोय, आणि टाकताना फुलाकडे बघतच नाही. ते नाव आधी कुणाचं होतं, एवढंच बघतो. मला हे खटकतं. का खटकतं ते खाली सविस्तर.

तुमच्या आजीच्या पिढीतल्या दहा बायका आठवा. कुसुम, सुमन, कमल, पुष्पा, मालती, नलिनी, कुमुद, सरोज, शेवंता, गुलाब... अख्खी बाग झाली की नाही? मग आमची पिढी. आमच्या वर्गात केतकी होती, सायली होती, जुई होती, आणि प्राजक्ता तर दोन होत्या. त्यांना वेगळं ओळखायला आम्ही एकीला 'उंच प्राजक्ता' आणि दुसरीला 'चष्मावाली प्राजक्ता' म्हणायचो. (पुढे उंच प्राजक्तालाही चष्मा लागला आणि सगळी सिस्टीम कोलमडली. असो.) आता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाढदिवसाचे केक बघा: मायरा, कियारा, अनाया, आर्वी, विआन, रेयांश. बागेतलं एक पान नाही.

मायरावर माझा राग नाही हं. ती पाच वर्षांची आहे आणि लिफ्टमध्ये मला 'अंकल' म्हणते, एवढीच तिच्याबद्दल तक्रार. राग आहे तो नावांच्या वेबसाइट्सवर. तिथे कुठलीही दोन अक्षरं टाका, अर्थ येतो 'देवी लक्ष्मी', 'राजकुमारी' किंवा 'अद्वितीय', आणि पुढे 'मूळ: संस्कृत'. कुठल्या संस्कृतात, ते विचारायचं नाही. इनपुट व्हॅलिडेशन नावाचा प्रकारच नाही! फुलाच्या नावाचं तसं नसतं. जुईचा अर्थ काय, हे नाकानं तपासता येतं.

मत पहिलं: नाव असंच हरवत नाही, कुणीतरी पुसतं

माझ्या आजीचं, म्हणजे बाबांच्या आईचं, नाव शेवंता. हे मला बाराव्या-तेराव्या वर्षी कळलं. तोवर मला तिचं नाव 'इंदिरा' एवढंच माहीत होतं, कारण रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकावर आणि देवळाच्या पावतीवर तेच होतं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात ना, तसं तिचंही लिहिलं गेलं. सासरच्यांना शेवंता हे नाव 'आपल्यातलं' वाटलं नाही, एवढंच कारण. तिला कुणी विचारलं नाही. तेव्हा विचारायची पद्धतही नव्हती.

मग तिला शेवंता म्हणणारी माणसं उरली फक्त माहेरची. बाबांचे मामा आले की दारातूनच "शेवंते, पाणी आण गं!" असं ओरडायचे. आणि आमच्यासमोर कायम आजी असलेली आजी एकदम कुणाची तरी धाकटी बहीण व्हायची. चालसुद्धा बदलायची तिची. सगळ्यांत धाकटे मामा गेले त्या वर्षी ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "आता मला माझ्या नावानं हाक मारणारं कुणी राहिलं नाही." रडून नाही, अगदी साधं बोलली. पावसाळा संपला म्हणावं तसं.

आमच्या धंद्यात याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. एखाद्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारा शेवटचा रेफरन्स गेला की मेमरीतली ती जागा मोकळी करून टाकतात. इंजिनिअरिंगला हा टॉपिक शिकवला तेव्हा सगळ्या वर्गात मला एकट्यालाच आजी आठवली असणार.

याच्या उलट एक उदाहरण बघा. वि. वा. शिरवाडकरांना एक बहीण होती, कुसुम. तिचा थोरला भाऊ म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं कुसुमाग्रज. आज २७ फेब्रुवारीला, त्यांच्या वाढदिवशी, आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. म्हणजे दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक नकळत एका बहिणीचं नाव घेतात. एका भावानं नाव जपायचं ठरवलं तर ते इतकं लांब जाऊ शकतं.

मत दुसरं: फुलांनाही आपण पायरी दाखवतो

चंपा, चमेली, शेवंता, गुलाब. ही चार नावं मोठ्यानं म्हणून बघा. डोळ्यांसमोर कोण आलं? तमाशाचा फड आला असेल, किंवा हिंदी सिनेमातली पान खाणारी बाई. २००४ च्या 'चमेली'त करीना कपूरनं वेश्येची भूमिका केली आणि त्या पात्राचं नाव ठरवायला कुणाला फार विचार करावा लागला नसणार. 'रात्रीस खेळ चाले'च्या २०१९ मधल्या दुसऱ्या पर्वातली शेवंता अशी गाजली, की ऑफिसात आजीचं खरं नाव सांगितल्यावर दोघांनी एकमेकांकडे बघून डोळा मारला. माझ्या आजीचं नाव! पुढची चहाची सुट्टी मी एकट्यानं घालवली.

आता गंमत ऐका. अमरकोशात सुमना, मालती आणि जाती हे शब्द एकाच फुलाला दिलेत. या 'जाती'ची प्राकृतातून झाली आपली जाई, आणि त्याच फुलाला हिंदीत म्हणतात चमेली. म्हणजे वरच्या मजल्यावरच्या सुमनआजी, शाळेतल्या मालतीबाई, पुण्यातली कुठलीशी जाई आणि सिनेमातली चमेली, या चौघी एकाच वेलीच्या! फूल तेच, वास तोच. पण एक नाव सोवळ्यातलं, एक क्यूट, आणि एकावर शिट्टी. मग आपण नाकं मुरडतो ती नेमकी कशावर?

अजून एक जोडी घ्या, झेंडू आणि निशिगंध. दोन्ही मूळची मेक्सिकोकडची, दोन्ही परदेशातून आपल्याकडे आली. निशिगंधाला छान संस्कृत नाव मिळालं आणि घरोघर निशिगंधा जन्मल्या. झेंडू दसऱ्याला दारावर, गाडीवर, कंपनीच्या सर्व्हर रॅकवरसुद्धा चालतो, पण 'झेंडू' नावाची मुलगी? हसलात ना? बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की त्याला कुणी संस्कृत बाप दिला नाही.

मत तिसरं: मुलग्यांना झाड, मुलींना फूल, हे कुणी ठरवलं?

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलंय की नक्षत्र, झाड, नदी, पर्वत, पक्षी वगैरेंचं नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये. आपल्या पणज्यांच्या आईबापांनी हा नियम खुशाल धाब्यावर बसवला आणि गंगा, यमुना, रोहिणी, रेवती, तुळसा अशी नावं ठेवली. (शाब्बास!) तरीपण एक वाटणी मात्र होऊन बसली. अशोक, पलाश, मंदार, चंदन ही झाडं मुलग्यांकडे गेली. त्यांच्यावर उमलतं ते मुलींकडे.

मुलग्यांना फूल अगदीच वर्ज्य नाही म्हणा. पण त्यांच्या वाट्याला आलं ते बहुतेक एकच फूल. राजीव, अरविंद, पंकज, नीरज: चौघेही कमळ. विठोबाला विटेवर उभं करणारा आपला पुंडलिक पांडुरंगाष्टकात पुंडरीक होतो, आणि पुंडरीक म्हणजे पांढरं कमळ. देवाचे डोळे, हात, पाय सगळं कमळासारखं म्हटलं जातं, त्यामुळे कमळाला पुरुषांच्या डब्यात शिरायचा पास मिळाला. राजकारणातही बघा. कमला नेहरूंचा नातू राजीव, आजीही कमळ आणि नातूही कमळ, आणि कमळ हे चिन्ह मात्र समोरच्या पक्षाकडे! अरविंद केजरीवालांच्या नावात कमळ आणि चिन्ह झाडू. आणि २०२१ मध्ये टोकियोत भाला फेकून सोनं आणलं ते एका नीरजनं, म्हणजे कमळानंच. कुणाला त्यात काही नाजूक दिसलं का?

गुलाबाला मात्र पुरुषांच्यात यायला 'राव' लावावं लागतं. राव लागला की गुलाबाला मिशा फुटतात. विदर्भातले प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) स्वतःला ज्ञानेश्वरांची मुलगी आणि कृष्णाची पत्नी मानायचे. नाव आणि भक्ती यांचा इतका सुंदर मेळ क्वचित बसतो.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण शिरीषचं. आमच्या आधीच्या पिढीत ढिगानं शिरीष आहेत. बँकेत, एसटीत, क्लबात. यातल्या कितीजणांना माहीत आहे, की संस्कृत काव्यात शिरीषाचं फूल म्हणजे कोमलपणाची हद्द? कालिदासाला 'कुमारसंभवा'त पार्वतीचे बाहू किती मऊ ते सांगायचं होतं, तर त्यानं तुलनेला शिरीषाचं फूल घेतलं. आणि आपल्याकडे याच नावाचा एक मुलगा होऊन गेला, नंदुरबारचा शिरीषकुमार. ९ सप्टेंबर १९४२, छोडो भारत आंदोलनाची मिरवणूक, हातात तिरंगा, वय पंधरा-सोळा. पोलिसांच्या गोळ्यांना तो सामोरा गेला. फुलाचं नाव ठेवलं तर मुलगा 'बायकी' होईल म्हणणाऱ्यांनी एकदा नंदुरबारला जाऊन यावं.

बॉटनीचाही एक पुरावा देतो. केतकी, म्हणजे केवडा. या झाडात नर वेगळं आणि मादी वेगळी असते. आणि ज्याच्या वासावर जग जीव टाकतं, ज्याचं अत्तर काढतात, ते सुगंधी कणीस नराचं! म्हणजे नियमानं बघायला गेलं तर वर्गातल्या निम्म्या केतक्या मुलगे हवे होते.

मत चौथं: 'अबोली'चा प्रश्न

आता विरुद्ध बाजू. मी हे सगळं टीममधल्या एका मैत्रिणीला ऐकवलं तर ती म्हणाली, "तुझं ठीक आहे रे. पण फूल म्हणजे काय? नाजूक, शोभेचं, तोडून कुणाच्या तरी डोक्यात माळायचं नाहीतर पायावर वाहायचं. मुलीला जन्मापासून हेच सांगायचं का? आणि अबोली हे नाव तर डोक्यातच जातं. अ-बोली! मुलीनं बोलूच नये!"

मुद्दा वजनदार आहे. अबोलीच्या बाबतीत तर मला उत्तरच सापडेना. दिसायला सुरेख, गजऱ्यात दोन-दोन दिवस टिकणारं, वास अजिबात नसलेलं फूल. म्हणून ते 'बोलत नाही'. रूपक गोड आहे, पण मुलीच्या कपाळावर चिकटवायला मलाही धजवत नाही. (माझ्या ओळखीची एकमेव अबोली स्क्रम मीटिंगमध्ये कुणालाच बोलू देत नाही, हा भाग वेगळा.)

पण बाकीच्या बागेबद्दल मी भांडेन. एक म्हणजे, सगळी फुलं तोडायची नसतात. प्राजक्त आणि बकुळ ही फुलं कुणी तोडत नाही, ती वेचतात. झाडाला जेव्हा द्यायची असतात तेव्हा ते देतं, आपण खाली वाकायचं. 'तोडणे' आणि 'वेचणे' या दोन क्रियापदांत केवढा फरक आहे बघा. प्राजक्ताचं शास्त्रीय नाव लिनिअसनं १७५३ मध्ये ठेवलं, त्यातल्या 'आर्बर-ट्रिस्टिस'चा अर्थ दुःखी झाड. पहाटे सगळी फुलं गळून पडतात म्हणून. आपल्याकडे मात्र त्याच झाडाला स्वर्गातून आणलेलं म्हणतात आणि त्यावरून सत्यभामा-रुक्मिणीचं भांडण रंगवून सांगतात. दृष्टिकोन, दुसरं काय!

आणि दुसरं म्हणजे, नाजूक हे विशेषण बागेत न गेलेल्यांनी शोधलेलं असावं. सदाफुली घ्या. मूळची मादागास्करची. कंपाउंडच्या भिंतीच्या फटीत उगवते, कुणी पाणी घालत नाही, बारा महिने फुलते. पांढरी नाहीतर गुलाबी, देवाला वाहतानाही तिची फारशी आठवण होत नाही. पण याच झाडातून व्हिंक्रिस्टिन नावाचं औषध मिळालं, जे लहान मुलांच्या ल्युकेमियावर वापरतात. कुणी आपल्या मुलीचं नाव सदाफुली ठेवलं, तर तिला यापेक्षा जबरदस्त बायोडेटा कुठलं नाव देईल?

मत पाचवं: 'पण बाहेर गेल्यावर?'

हा प्रश्न आमच्या क्षेत्रात हमखास येतो. बाळ अजून पाळण्यात नाही, पण त्याच्या व्हिसाची चिंता सुरू. प्राजक्ताचं अमेरिकेत 'प्रोजेक्टा' होतं, हे मी स्वतःच्या कानांनी कॉन्फरन्स कॉलवर ऐकलंय. जाईचं रोमन लिपीतलं स्पेलिंग बघून समोरचा 'जय' समजतो आणि मेलची सुरुवात 'मिस्टर'नं करतो. कटकट आहे, नाही म्हणत नाही.

पण आपण 'सॅन जोस' न म्हणता 'सॅन होजे' म्हणायला शिकलोच की! एका ऑनसाइटमध्ये शिकलो. मग समोरच्यालाही तीन जोडाक्षरं शिकायची संधी द्यायला काय हरकत आहे? शिवाय फुलाच्या नावाची सोय अशी, की ते समजावून सांगता येतं. 'माय नेम मीन्स जॅस्मिन' म्हटलं की जगात कुठेही समोरचा माणूस हसतो. कारण त्याच्याकडेही कुणीतरी यास्मिन असते, रोझ असते, लिली असते, साकुरा असते. फुलावरून माणसाला हाक मारणं ही फक्त आपली सवय नाही. कियाराचा अर्थ सांगायला मात्र आधी कुठली वेबसाइट ते ठरवावं लागतं.

बंगालमध्ये प्राजक्ताला शिउली म्हणतात आणि त्याचंच संस्कृत नाव शेफाली. म्हणजे पुण्याच्या प्राजक्ता आणि कोलकात्याच्या शेफाली एकमेकींच्या मितवा... आपलं, नेमसेक! दोघी एकाच ऑफिसात शेजारी बसत असतील आणि त्यांना पत्ताही नसेल. तुमच्या फ्लोअरवर अशी जोडी असेल तर सोमवारी सांगून टाका, एक कॉफी नक्की मिळेल.

तर मग करायचं काय?

हे सगळं हवेतलं तत्त्वज्ञान नाही, कारण दिवाळीच्या आसपास आमच्याच घरी बारसं आहे. मुलगा की मुलगी, माहीत नाही. १९९४ च्या कायद्यानं ते आधी सांगायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे आमच्या घरी सध्या एक एक्सेल शीट फिरतंय. बायकोचे कॉलम वेगळे, माझे वेगळे, आणि दोन्ही आज्या दर रविवारी फोनवरून कॉमेंट टाकतात. सासूबाईंचा कल आहे 'र' वरून काहीतरी, कारण गुरुजींनी तसं सांगितलंय. आईचा व्हेटो आहे 'चार अक्षरांच्या वर नको, हाक मारताना दम लागतो' असा.

मी शेवंता सुचवलं होतं. बायको थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मला चालेल रे. पण शाळेत तिला जे ऐकावं लागेल ते तुला ऐकावं लागणार नाहीये. तुझ्या आजीचं नाव परत आणायचं काम त्या पोरीवर का टाकतोस?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. लोकांनी डोळे मारणं बंद केलं पाहिजे हे खरं, पण तोवर त्याची किंमत पाच वर्षांच्या मुलीनं का मोजायची, हेही खरंच.

सध्या शीटमध्ये सगळ्यात वर एकच नाव आहे, आणि मुलगा-मुलगी दोन्ही रकान्यांत तेच आहे: बकुळ. गुजरातेत बकुल हे बिनधास्त पुरुषाचं नाव आहे, आपल्याकडे बायकांचं. तीन अक्षरं, र नाही (सासूबाईंशी बोलणी चालू आहेत). फूल बघायला गेलं तर नखाएवढं, मळकट पांढरं, फोटोत अजिबात उठून दिसत नाही. पण वेचून आणलं, वहीत ठेवलं, पार वाळून तपकिरी झालं, तरी वास तसाच राहतो. मुलाला नाव द्यायचं तर असं द्यावं, असं मला वाटतं.

आणि शेवंताचं? ते मी एका साध्या ठिकाणी लिहून ठेवलंय. घरच्या वंशवृक्षाच्या फाइलमध्ये आजीच्या नावापुढे आता 'इंदिरा' कंसात आहे आणि 'शेवंता' बाहेर.

तुमच्या आजीचं लग्नाआधीचं नाव काय होतं? माहीत नसेल तर आज सुट्टीच आहे, घरी फोन करून विचारा. आजी स्वतः फोनवर येऊ शकत असेल, तर एकदा त्या नावानं हाक मारून बघा.